ऋषिपंचमीची भाजी आपल्या परसात: आधी ताट, मग वाफा

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, अनेक मराठी घरांत एक भाजी होते. तिच्यात अळू, माठ, भेंडी, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओले शेंगदाणे असं जे मिळेल ते पडतं. मसाला जवळजवळ नसतोच. मिरची, मीठ, चिंच किंवा आंबट चुका, वरून ओलं खोबरं, एवढंच. नियम एकच: बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. नांगराविना, माणसाच्या हातानं पिकलेलं खायचं. ‘ताटात आलेला घास कोणाच्या श्रमाचा आहे ते आठवून जेवा’ हे आपल्याकडे एका सणातच बसवून ठेवलेलं आहे.

ही भाजी बाजारात आयते वाटे करून मिळते. पण ती आपल्याच परसातून निघावी, असं ध्येय धरून पहिल्या वर्षीची बाग लावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मृगाच्या पेरणीपासून पंचमीपर्यंत साधारण ऐंशी ते शंभर दिवस हातात असतात. पालेभाजी, फळभाजी, वेल, कंद असं सगळं तेवढ्यात शिकून होतं आणि शेवटी एक ठरलेलं जेवण असतं. ‘वर्षभराची भाजी घरची’ असं ठरवून सुरुवात केलेल्या बागा श्रावणात तणात बुडालेल्या मी पाहिल्या आहेत.

चैत्रात: कुदळ नको, वही घ्या

पहिले पंधरा दिवस मातीला हात लावू नका. स्वयंपाकघरात एक वही दोरीनं टांगा आणि रोज रात्री तीन गोष्टी लिहा: आज कोणती भाजी केली, किती केली, किती उरली. कोणी काय ताटाच्या कडेला सारलं तेही लिहा.

आम्ही घरात पाच माणसं. भोर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी घर. पहिल्या वर्षी मी वही न करता टोमॅटोची चाळीस रोपं एकाच दिवशी लावली. जानेवारीत तीन आठवड्यांत सगळी पिकली आणि निम्मी सडली. त्याच तीन आठवड्यांत मी आठवडे बाजारातून मेथी आणि शेपू विकत आणत होते. पुढच्या वर्षीच्या वहीनं सांगितलं की आम्हाला टोमॅटोची आठच रोपं पुरतात, तीही चार-चार करून, महिन्याच्या अंतरानं. मेथी मात्र दर पंधरा दिवसांनी हवी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या आहारसूचनांप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं लागतात. म्हणजे पाच जणांना रोज दोन किलो भाजी. हा आकडा वहीतल्या आकड्याशेजारी लिहून बघा. आमच्याकडे निम्म्याच्या आसपास होता, आणि भाताचा आकडा बराच मोठा. काय लावायचं ते त्या पानावरून ठरलं, बियाण्याच्या दुकानातल्या रंगीत पाकिटांवरून नाही.

जागा आणि वाफे

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सुरुवातीला अर्धा गुंठा पुष्कळ झाला, म्हणजे साधारण २२ फूट बाय २५ फूट. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार या आपल्या चळवळीतून शेतकऱ्यांना दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब कसं जगेल याचा हिशोब मांडायला शिकवलं आणि शेतीकडे सूर्यप्रकाशाची कापणी म्हणून बघायला लावलं. त्यांची ती नजर अर्ध्या गुंठ्यालाही लागू पडते. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता परसात उभं राहा आणि ऊन कुठवर येतं तिथे खुंट्या ठोका. सहा तास ऊन मिळतं ती जागा फळभाज्यांची आणि वेलांची. तीन-चार तासांच्या जागी पालेभाज्या, आलं, हळद, अळू.

वाफा चार फूट रुंद, दहा फूट लांब ठेवा. चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. पायानं दाबलेली माती परत भुसभुशीत करण्यात फार श्रम जातात. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट. अर्ध्या गुंठ्यात असे आठ वाफे बसतात आणि एका कडेला वेलांच्या मांडवापुरती पट्टी उरते. मांडव उत्तरेच्या कडेला घाला, म्हणजे त्याची सावली वाफ्यांवर पडत नाही.

शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई कुंपणाच्या बाजूला लावा. शेवग्याचं झाड दरवर्षी शेंगा संपल्यावर तीन-चार फुटांवर छाटा, नाहीतर शेंगा आभाळात आणि आपण खाली. मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू ही आपली जुनीच जोडी आहे. ती तशीच ठेवा, पण साबणाचं पाणी कोथिंबीर, मुळा, काकडी असल्या कच्च्या खायच्या गोष्टींना कधी देऊ नका.

वैशाखात: माती

या पायरीवर घाई केली तर पुढचं वर्षभर बाग रुसून राहते.

वाफ्यातली माती एक कुदळभर खोल, म्हणजे नऊ-दहा इंच, खणून उन्हात तापू द्या. दहा-पंधरा दिवसांनी ढेकळं फोडा, हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचा. मग प्रत्येक वाफ्यात दोन घमेली शेणखत मिसळा. खत पूर्ण कुजलेलं हवं: काळसर, भुगा होणारं, मातीचा वास येणारं. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि रोपांची मुळं खातात. खत हातात घेऊन चाळा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी दिसली की वेचून कोंबड्यांना घाला.

आमच्याकडची काळी माती पावसात पाणी धरून बसते, म्हणून पावसाळ्यासाठी गादीवाफे करा: जमिनीपासून सहा-आठ इंच उंच. उन्हाळ्यात हेच वाफे सपाट करून कडेनं वरंबा ओढायचा, म्हणजे पाणी आत राहतं.

कंपोस्टचा ढीगही आताच लावा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद जागा पुरते. खाली काटक्या, त्यावर वीतभर वाळका पालापाचोळा, त्यावर चार बोटं स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर शेणकाल्याचा शिपकारा आणि मूठभर माती. असे थर चढवत जा. हातात पिळलं तर ओलसर लागावं, पाणी गळू नये. वास आला तर वाळका पाला कमी पडलाय असं समजा. आठ-पंधरा दिवसांनी ढीग पालथा केला तर अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांच्यामुळे घराघरांत पोचलं. एका एकराचं माप २०० लिटर पाण्याचं असतं. परसाला वीस लिटरची बादली पुरे: एक किलो ताजं देशी गाईचं शेण, एक लिटर गोमूत्र, दीडशे ग्रॅम गूळ, दीडशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत गोणपाटानं झाका, सकाळ-संध्याकाळ काठीनं एकाच दिशेनं ढवळा. दोन-तीन दिवसांनी वापरायला घ्या आणि आठवड्यात संपवा. हे ताज्या शेणाचं आहे, म्हणून ते मातीत, मुळाशी ओता. कच्च्या खायच्या पानांवर शिंपडू नका. काढणीच्या आधी दोन आठवडे तर त्या वाफ्याला देऊच नका.

मृगात: पेरणी

पहिला दमदार पाऊस पडून माती थंड झाली की पेरा.

भेंडी एक फूट अंतरावर, एका जागी दोन दाणे. उगवल्यावर एकच रोप ठेवा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिला तोडा. मका कडेच्या वाफ्यात, पण एका ओळीत नाही. चार छोट्या ओळींत चौकोन करून लावा. मक्याला वाऱ्यानं परागकण मिळतात. एकाच ओळीत लावला तर कणसात अर्धे दाणे भरत नाहीत. लाल माठ फेकून पेरा, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्या. महिन्यात भाजी. पडवळ, दोडका, कारलं, काकडी मांडवाच्या पायाशी, प्रत्येकी दोन वेल. दोनच. हात चार-पाचकडे जातो, पण मांडवावर गर्दी झाली की हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. भुईमुगाचे पन्नासेक दाणे एका कोपऱ्यात टाका. शेंगा त्याच पावसात मिळतील. लाल भोपळ्याला पिकायला शंभर-सव्वाशे दिवस लागतात, म्हणून तो मेच्या मध्याला, पाणी देऊन, आधीच लावायचा. सुरण आठ-नऊ महिन्यांचा. या वर्षी लावलेला संक्रांतीच्या सुमारास निघेल, म्हणून पहिल्या पंचमीला तो विकतच आणा.

अळूचा कंद शेजाऱ्यांकडून मागून घ्या. आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “अगं, अळू विकत आणून लावतात का? मागून आण, आणि मग पानं द्यायला जा.” भाजीचं अळू आणि वडीचं अळू वेगळं असतं, हेही तेव्हाच विचारून घ्या. अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या कणांमुळे घसा खवखवतो. म्हणूनच त्यात चिंच किंवा चुका घालायचा आणि ते नीट शिजवायचं.

कोथिंबीर पुढे दसऱ्याच्या सुमाराला लावाल तेव्हा धणे पायताणाखाली हलके रगडून दोन फाकी करा. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. अख्खा धणा उशिरा आणि विरळ उगवतो.

पुढचं वर्ष थोडक्यात सांगते. गणपतीच्या आधी वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं गादीवाफ्यावर टाका, चार-पाच आठवड्यांनी लावणी करा. दसरा-दिवाळीत मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, लसूण. संक्रांत झाली की गवार, चवळी, काकडी, राजगिरा. अक्षय्य तृतीयेला हळद आणि आलं. वांगी, टोमॅटो, मिरची एकाच कुळातली आहेत. एका वाफ्यात ती लागोपाठ लावू नका. त्यांच्यानंतर घेवडा किंवा चवळीसारखं शेंगांचं पीक घ्या, मग पालेभाजी.

आषाढ-श्रावणात: रोज अर्धा तास

सकाळी चहाच्या आधी बागेत जा. काम कमी आणि बघणं जास्त. पानाची खालची बाजू उलटून बघा. मावा, पांढरी माशी, अंड्यांचे पुंजके सगळे तिथे असतात. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन जातो. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा रोग. पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर औषध नाही. ते रोप दया न दाखवता उपटून जाळा. वांग्याचा शेंडा सुकून मान टाकलेला दिसला की आत अळी आहे. शेंडा खालून खुडून नष्ट करा. एवढं नियमित केलं तरी निम्मी फळं वाचतात.

फवारणी लागलीच तर निंबोळी अर्क. २५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून पाच लिटर करा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. तो त्याच दिवशी संपवायचा.

वेलांवर पहिले पंधरा दिवस नुसती फुलं येऊन गळतात आणि नवीन माणूस घाबरतो. ती नरफुलं असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीच दिसतं. झिमझिम पावसात मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा नरफूल खुडून मादी फुलाला हलकेच टेकवा. भोपळा आणि काकडी सकाळी फुलतात, दोडका आणि दुधी संध्याकाळी. दोडक्याचं काम मुलांकडे द्या. दिवेलागणीला पिवळी फुलं उमलताना बघणं त्यांच्या लक्षात राहतं.

उगवलेलं सगळं तण उपटून फेकू नका. घोळ, तांदुळजा, कुर्डू, टाकळा हे न पेरलेले पाहुणे कोवळे असताना उत्तम भाजी होतात. फक्त गावातल्या जाणत्या बाईनं ओळख पटवून दिली असेल तेच खा.

तोडणी वेळेवर करा. भेंडी एक दिवसाआड. एक जून भेंडी झाडावर राहिली की झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी करतं.

ताटाशी

बाग केली म्हणजे लक्ष देऊन जेवणं आपोआप होईल असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. श्रावणात घरचं पडवळ ताटात होतं आणि आम्ही पाचही जण टीव्हीकडे बघत जेवत होतो. त्यामुळे जेवणाच्याही पायऱ्या सांगते.

भाजी तोडण्याआधी ठरवा की आज किती लागेल. गरजेपुरतीच तोडा, आणि पालेभाजी चूल पेटवायच्या आधी अर्धा तास. ज्यानं तोडली त्यानं निवडायची, हा आमच्या घरचा नियम. मुलगा आधी माठ ताटाच्या कडेला सारायचा. त्यानं स्वतः मुळासकट उपटून, माती झटकून, देठ सोलून दिल्यापासून तो खातो. मी त्याला खा म्हणून एकदाही सांगितलेलं नाही.

निवडताना फेकायच्या ढिगाकडे बघा. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची सालं तीळ घालून परता, चटणी होते. मुळ्याचा पाला पीठ पेरून. कोथिंबिरीचे देठ आमटीत. भोपळ्याची जास्तीची नरफुलं भज्यांत.

दुधी, काकडी, दोडका चिरला की आधी एक छोटा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका आणि ते फळ टाकून द्या. या भाज्यांच्या कडूपणात विषारी द्रव्य असतं, ते शिजवूनही जात नाही आणि कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत. ‘घरचं आहे, वाया कशाला घालवायचं’ म्हणून इथे मन मऊ करू नका.

आता वाढणी. आपल्या ताटाची जुनी मांडणी उगाच नाही: मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. डावीकडचं थोडं, उजवीकडचं पुरेसं. तसं वाढलं की प्रत्येक पदार्थाकडे नजर जाते. पातेल्यातून एकदम कालवून घेतलेल्या ताटात ती जात नाही. पहिली वाढणी निम्मी करा आणि हवं तर परत घ्या. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत उरकलेल्या जेवणात ती येण्याआधीच ताट संपलेलं असतं.

चित्राहुती, म्हणजे जेवणाआधी ताटाशेजारी भाताची शितं ठेवायची पद्धत, तुमच्या घरी असेल तर ती सुरू ठेवा. नसेल तर पहिला घास हातात धरून क्षणभर थांबा. पहिले पाच घास कोणी बोलायचं नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. पाच घासांनंतर खुशाल गप्पा मारा. जेवताना बोलण्याला माझा विरोध नाही, उलट घरात सगळे एकत्र असतात ती तेवढीच वेळ. त्या पाच घासांत एकच गोष्ट ओळखायची: यातलं आपल्या परसातलं काय आहे? हळूहळू मुलं उलटा प्रश्न विचारू लागतात, की तूर कुठली, तेल कुठलं, मीठ कुठून आलं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जेवणाची वेळ आणि औषधं आहेत तशीच ठेवावीत. इथे सांगितलेलं फक्त जेवण्याच्या ढंगाबद्दल आहे.

वही बंद करू नका. उरलेलं काय, हे लिहिणं वर्षभर चालू ठेवा. त्या रकान्यातला आकडा खाली येतो तेव्हा बागेची आणि जेवणाची गाठ पडायला लागली असं समजा.

बी

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री मिळाली ती गावठी वाणांचं बी जपल्याबद्दल. त्यांनी जे केलं त्याची सुरुवात तुम्हाला याच पावसाळ्यात करता येते. भेंडीची सर्वांत चांगली दोन रोपं निवडून त्यांवरची मधली दोन-तीन फळं तोडू नका. वाळून तडकायला आली की काढा. दोडका आणि पडवळ वेलावर पूर्ण पिकू द्या. टोमॅटोचा गर बियांसकट दोन-तीन दिवस वाटीत आंबवा, मग धुऊन सावलीत वाळवा. बी चांगलं वाळलं की राखेत मिसळून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून, कोरड्या बरणीत ठेवा आणि वर वाणाचं नाव, महिना, वर्ष लिहा. संकरित बियाण्याच्या फळातून घेतलेलं बी आईसारखं निपजत नाही, म्हणून सुरुवातच गावठी बियाण्यानं करा.

काकडी, भोपळा, दोडक्याच्या शेजारी त्याच जातीचा वेगळा वाण असेल तर मधमाश्या भेसळ करतात. मादी कळी आणि त्याच वाणाची नर कळी उमलायच्या आदल्या वेळी कापडी पिशव्यांनी झाका, त्या नरफुलाचे परागकण हातानं द्या आणि फळ धरेपर्यंत मादी फुलावरची पिशवी तशीच बांधलेली राहू द्या. अशा फळाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरातलं कोणी चुकून तोडणार नाही.

पंचमी

आदल्या दिवशी संध्याकाळी परसातून एक फेरी मारा आणि वहीत लिहा की उद्या काय निघेल. आमच्या वहीतल्या पहिल्या पंचमीच्या पानावर असं आहे: अळूची अकरा पानं, माठाची एक जुडी, भेंड्या चौदा, पडवळ एक, दोडका एक, कणसं तीन, शेंगा ओंजळभर, घोळ थोडी. खाली सासूबाईंच्या अक्षरात, ‘सुरण बाजारचा. पुढच्या वर्षी लावणे.’ त्याच्या शेजारी मी नंतर टीप केली आहे की कंद एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पूर्वेच्या कोपऱ्यात लावला.